सोर्स हाती आहे, बांधणार कोण?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची तरफदारी करताना 'सोर्स सगळ्यांना खुला आहे' हे वाक्य हटकून येतं. त्या खुल्या सोर्सपासून चालता प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर तयार करून पाहिलेली माणसं मात्र फार थोडी, आणि त्याला कारणही आहे. कम्पायलर हवा, हेडर फाइली हव्यात, पाच-दहा लायब्ररी हव्यात, त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळायला हव्यात. आणि एवढं करून जे हाती येतं ते डेबियन किंवा फेडोराच्या पॅकेजमधून एका कमांडसरशी मिळणारच असतं. तरीही ही उठाठेव कुणीतरी करायला हवी असं माझं म्हणणं आहे. प्रत्येकाने नव्हे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी तर मुळीच नव्हे. पण ज्या प्रोग्रामवर एखाद्या संस्थेचं किंवा भाषेचं रोजचं काम चालतं, तो बांधता येणारी दोन-चार माणसं आणि त्यासाठीची लिहून ठेवलेली मांडणी हाताशी नसेल, तर परवान्याने दिलेला बदल करण्याचा हक्क कागदावरच राहतो. असं म्हणणं एकतर्फी मांडणं सोपं असतं. म्हणून शास्त्रग्रंथांतल्या रिवाजाप्रमाणे इथे पूर्वपक्ष उभा केला आहे, आणि तो दिला आहे एका कल्पित सिस्टिम अ‍ॅडमिन बाईंकडे. शे-दीडशे सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम, आणि सोर्सबद्दल त्यांच्या मनात भाबडेपणा अजिबात नाही.

अ‍ॅडमिन : हक्काचं नंतर बोलू, आधी हिशेब करू. क्रोमियम बांधायचं तर त्यांच्याच सूचनांमध्ये किमान ८ जीबी मेमरी सांगितली आहे, खरं तर १६ च्या वर हवी म्हणतात, आणि डिस्कवर १०० जीबी मोकळी जागा. एवढं ओतून हाती काय येतं? जवळजवळ तोच ब्राउझर, जो मी चहा पिऊन होईपर्यंत पन्नास मशीनवर टाकते. आणि बांधून झालं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधली हार्टब्लीडची त्रुटी जाहीर झाली. ज्यांच्याकडे वितरणाचं पॅकेज होतं त्यांनी अपडेट घेतलं, सर्व्हिस पुन्हा सुरू केल्या, किल्ल्या बदलल्या. ज्यांनी कधीकाळी हौसेने ओपनएसएसएल स्वतः कंपाइल करून ठेवलं होतं, त्यांच्या मशीनवर पॅकेज मॅनेजरला त्या प्रतीचा पत्ताच नसतो. अपडेट होतं, सगळं ठीक दिसतं, आणि चालणारा प्रोग्राम मात्र जुनीच लायब्ररी उचलत राहतो. 'सुडो मेक इन्स्टॉल' करून माणूस नोकरी बदलतो. त्याने टाकलेली फाइल शोधत बसतो आमच्यासारखा. अहो, ज्या जेन्टूची ओळखच 'सगळं सोर्सपासून' अशी, त्यांनीसुद्धा २०२३ च्या डिसेंबरात तयार बायनरी पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. ज्यांचा धर्मच कंपाइल करण्याचा, ते दमले. मग बाकीच्यांना कशाला जुंपता?

लेखक : यातलं निम्मं मी वाद न घालता मान्य करतो. घरबसल्या क्रोमियम बांधायला कुणी निघालं तर मीच त्याला अडवीन. चालत्या सर्व्हरवर 'मेक इन्स्टॉल' ही तर वाईटच खोड. पण तो दोष बांधण्याचा नव्हे, बांधलेलं कुठे नेऊन ठेवलं त्याचा. प्रीफिक्स म्हणून आपल्या होम डिरेक्टरीतला एखादा कोपरा दिला तर सिस्टिमच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. नको झालं की तो कोपरा पुसून टाकायचा. पुष्कळदा तर इन्स्टॉल करण्याचीही गरज नसते, बिल्ड डिरेक्टरीतूनच प्रोग्राम चालवून बघता येतो. हार्टब्लीडचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. ओपनएसएसएलच्या त्या दिवशीच्या सूचनेत, नवी आवृत्ती लगेच घेता येत नसेल तर हार्टबीटची सोय वगळून पुन्हा कंपाइल करा, असा दुसरा मार्गही दिला होता. तो मार्ग मोकळा होता फक्त ज्यांची मांडणी तयार होती त्यांना. ज्याने त्याच दिवशी कम्पायलर शोधायला सुरुवात केली त्याला तो मार्ग असून नसल्यासारखा. जेन्टूचंही तसंच. त्यांनी बायनरी दिल्या, पण प्रत्येक पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या ईबिल्ड फाइली काढून घेतल्या नाहीत. तयार घ्यायचं की बांधायचं, हे दर वेळी ठरवायला लोक मोकळे राहिले. मला हवी आहे ती ही मोकळीक. रोज बांधत बसा असं मी म्हणतच नाही.

अ‍ॅडमिन : मोकळीक वितरणाकडे आहेच की. त्यांच्याकडे प्रत्येक पॅकेजला सांभाळणारं माणूस आहे, बिल्डची मशीनं आहेत, चुका नोंदवायची पद्धत आहे. विश्वास कुणावर तरी ठेवावाच लागतो. मी तो शेकडो अनुभवी माणसांवर ठेवते. तुम्ही म्हणता तो एका उत्साही पोराच्या लॅपटॉपवर ठेवा.

लेखक : विश्वास जरूर ठेवा, मीही ठेवतो. फक्त तो ठेवताना आपल्याला मिळालेलं नेमकं काय आहे ते पाहू. जीपीएल परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत संपूर्ण सोर्स कशाला म्हणायचं ते सांगताना, प्रोग्रामच्या फाइलींच्या जोडीला कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. परवाना लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं की बांधायची रीत हाती नसेल तर नुसत्या फाइली म्हणजे सातबारा नावावर आणि शेतात जायला पाणंद नाही, अशी गत. वितरण आपल्यासाठी ती वाट तुडवतं हे खरं, पण आपल्या वतीने वाटेत काही बदलही करतं. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये असाच एक बदल झाला. मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या कुरकुरीवर उपाय म्हणून काही ओळी काढल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर किल्ली बनवताना लागणारी जवळजवळ सगळी अनिश्चितता गेली. उरला तो प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं तेव्हा डेबियन आणि उबुंटूवर दीड-पावणेदोन वर्षं तयार झालेल्या असंख्य किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. ज्याने बदल केला तो बेफिकीर माणूस नव्हता. मूळ प्रकल्पाच्या मंडळींना त्याने विचारलंही होतं. म्हणून मी हे दोष दाखवायला सांगत नाही. मूळ सोर्स आणि आपल्यापर्यंत आलेली बायनरी यांच्यामध्ये एक पायरी असते, आणि त्या पायरीवर उभं राहून दोन्हीकडे बघणारं माणूस वितरणाच्या बाहेरही असावं, एवढंच मला म्हणायचं आहे. तसं माणूस असतं तर ही चूक नक्की सापडली असती, असा दावा मात्र मी करणार नाही.

अ‍ॅडमिन : दावा करत नाही हे बरं, कारण पुढची गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. २९ मार्च २०२४. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड युटिल्स या फाइली संकुचित करणाऱ्या साधनसंचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी २०२१ पासून त्या प्रकल्पात मदत करत होतं, हळूहळू देखभालीचा अधिकार मिळवत होतं, आणि शेवटी त्यानेच हा माल आत सोडला. तो कुठे होता? कुठल्या वितरणाच्या बिल्ड मशीनवर नाही. प्रकल्पाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या टारबॉलमध्ये होता. तुमचा सोर्सपासून बांधणारा माणूस तोच टारबॉल उतरवून, उघडून, स्वतःच्या हाताने चोराला घरात घेणार. फार तर तुम्ही म्हणाल की त्याने तो आधी वाचला असता. कुणी वाचला होता, सांगा ना.

लेखक : कुणीच नाही, आणि ही गोष्ट माझ्या बाजूला जितकी बोचते तितकीच तुमच्याही. त्यातला तपशील जरा जवळून पाहण्यासारखा आहे. चोरदरवाजाचा मुख्य भाग दाबून, दडवून ठेवला होता चाचणीसाठीच्या नमुना फाइलींत. बिघडलेल्या संकुचित फाइली चाचणीला लागतातच, त्यामुळे असल्या फाइलींकडे संशयाने कुणी बघत नाही. त्या गिटमध्येही होत्या. पण त्यांना उघडून बिल्डमध्ये घुसवणारी ओळ होती एका एम-फोर फाइलीत, आणि ती बदललेली फाइल गिटमध्ये नव्हतीच. होती फक्त टारबॉलमध्ये. ऑटोटूल्सच्या जगात हे खपून जातं, कारण तिथे टारबॉलमध्ये गिटमध्ये नसलेल्या, आधीच तयार करून ठेवलेल्या फाइली असणं नेहमीचंच. हजारो ओळींची ती कॉन्फिगर स्क्रिप्ट आपण सगळेच डोळे मिटून चालवतो. पुढे आणखी गंमत अशी की ही घुसखोरी कुठल्याही बिल्डमध्ये जागी होत नव्हती. लिनक्स आहे का, ६४ बिटचा इंटेल-एएमडी घराण्यातला प्रोसेसर आहे का, आणि डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज बांधलं जातंय का, हे पाहून मगच ती कामाला लागायची. म्हणजे एकट्याने बांधणारा तो उत्साही पोरगा हल्लेखोराच्या खिजगणतीतही नव्हता. त्याला तुमचं पॅकेज हवं होतं. यावरून हाताने बांधणारे सुरक्षित असा निष्कर्ष मी काढत नाही. उद्या कुणी उलटी अट घालेल. मला दिसतं ते एवढंच की सोर्सची फाइल आणि चालता प्रोग्राम यांच्यामधला जो बिल्डचा टप्पा, तिथे कुणाची नजर नसते, आणि हल्लेखोरांनी ती जागा नेमकी हेरली आहे. २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन सॉफ्टवेअरचं असंच झालं होतं. ते काही ओपन सोर्स नव्हे, पण तिथेही सोर्सच्या भांडारात काही सापडलं नाही. बिल्ड मशीनवर बसलेला एक प्रोग्राम कंपाइल होण्याच्या वेळी एक फाइल बदलायचा आणि काम झालं की मूळ फाइल जागेवर ठेवायचा. फ्रॉइंड यांना एक्सझेडचं प्रकरण सापडलं ते सोर्स वाचून नव्हे. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. तिथून मागे मागे जात ते एक्सझेडच्या लायब्ररीपाशी, आणि लायब्ररीपासून टारबॉलपाशी पोहोचले. प्रोग्राम कसा बांधला जातो हे अंगवळणी पडलेल्या माणसालाच असं मागे जाता येतं. आणि ओपनएसएसएच मुळात ती लायब्ररी वापरतच नाही, हेही लक्षात घ्या. काही वितरणांनी सिस्टिमडीसाठी लावलेल्या पॅचमुळे ती आडवाटेने तिथे आली होती.

अ‍ॅडमिन : बिल्डच्या टप्प्यावर नजर ठेवायची तर मग पूर्ण ठेवा. तुमचा कम्पायलर कुठून आला? माझ्याच वितरणातून, तयार बायनरी म्हणून. त्याने काही मिसळलं तर तुमचं गिटपासून केलेलं सोवळं बिल्डसुद्धा बाटलंच की.

लेखक : केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच दाखवलं होतं. लॉगिनच्या प्रोग्राममध्ये चोरवाट पेरणारा आणि स्वतःला पुन्हा कंपाइल करताना तीच सवय नव्या प्रतीत उतरवणारा कम्पायलर. सोर्स कितीही तपासा, तिथे काही नाही. त्यावर डेव्हिड व्हीलर यांनी दोन वेगवेगळ्या कम्पायलरकडून बांधून ताळा घ्यायची रीत मांडली, आणि २०२३ मध्ये गीक्स या वितरणाच्या मंडळींनी तर अवघ्या ३५७ बाइटच्या बीजापासून पायरी पायरीने सगळा डोलारा उभा करून दाखवला. थक्क करणारं काम आहे. पण माझ्या मते, आपल्यासारख्यांना ही भीती दूरची आहे, आणि तिच्या नावाखाली जवळचं काम टाळू नये. जवळचं काम म्हणजे ताळा. एकच सोर्स दोन ठिकाणी दोन माणसांनी बांधला तर फाइल बिट न बिट तीच यायला हवी. येत नाही. का येत नाही याची कारणं मोठी मजेशीर असतात : बिल्डची वेळ फाइलीत छापली जाते, डिरेक्टरीचा पत्ता आत उमटतो, फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या यावर मांडणी बदलते. लोकेलसुद्धा. मशीन मराठीवर ठेवलं असेल तर बिल्डच्या वेळी छापलेल्या तारखेत महिन्याचं नाव देवनागरीत येतं, आणि तेवढ्यावर दोन प्रती वेगळ्या ठरतात! डेबियनमध्ये २०१३ पासून या एकेका कारणाचा पाठलाग चालू आहे. वेळ बांधून देणारा सोर्स-डेट-इपॉक हा संकेत त्यातूनच रुळला. बिटकॉइन कोअरची आवृत्ती निघते तेव्हा अनेक जण आपापल्या मशीनवर गीक्सने तीच आवृत्ती बांधतात आणि आलेले हॅश सहीनिशी प्रसिद्ध करतात. तिथे एकट्या बिल्ड सर्व्हरवर भरवसा ठेवावा लागत नाही, आणि एकट्या पोराच्या लॅपटॉपवरही नाही.

अ‍ॅडमिन : बिटकॉइनवाल्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, ते करतील. तुम्ही सुरुवातीला भाषेचं नाव घेतलंत. मराठी माणसाने नेमकं काय बांधायचं? लिबरऑफिस? त्याला अख्खा दिवस जाईल.

लेखक : लिबरऑफिस नको, त्याच्या पोटातलं हार्फबझ. देवनागरी अक्षरं जुळवून दाखवण्याचं काम आज बहुतेक ठिकाणी हीच लायब्ररी करते : अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, आणि ५.३ या २०१७ च्या आवृत्तीपासून लिबरऑफिसमध्ये सगळ्या प्लॅटफॉर्मवर. आकाराने आटोपशीर आहे, साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत बांधून होते. डेबियनवर लागतं ते एवढं : सी++ चा कम्पायलर, मेसन, निंजा, पीकेजी-कॉन्फिग, आणि फ्रीटाइप, ग्लिब, कैरो या तीन लायब्ररींची 'डेव्ह' पॅकेजं. नवशिके अडखळतात ते या शेवटच्या गोष्टीपाशी. फ्रीटाइप मशीनवर असतंच, पण चालवण्यापुरतं. कंपाइल करायला त्याच्या हेडर फाइली आणि पीकेजी-कॉन्फिगला पत्ता सांगणारी छोटी पीसी फाइल लागते, आणि ती 'डेव्ह'मध्ये असते. 'फ्रीटाइप सापडलं नाही' असा निरोप आला की माणूस म्हणतो, अहो, आहे की! दुसरी अडचण याहून फसवी. कैरोचं 'डेव्ह' पॅकेज राहून गेलं तर मेसन अडत नाही. बिल्ड पार पडतं, चाचण्या चालतात, लाल अक्षरात काही दिसत नाही. फक्त अक्षरांचं चित्र काढून दाखवणारं एचबी-व्ह्यू हे साधन तयारच होत नाही. कारण कैरोचा पर्याय 'मिळालं तर घे' अशा बेताने ठेवलेला असतो. सेटअपच्या शेवटी काय सापडलं आणि काय नाही याचा तक्ता येतो, तो वाचायची सवय लावावी, किंवा कैरो 'हवंच' असं आधीच बजावून सांगावं. मांडणी लिहून ठेवा म्हणतो ती अशा बारक्या गोष्टींसाठी. पुढच्या माणसाचा दिवस यातच जातो.

मग एचबी-व्ह्यूला 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द द्यायचे. पहिल्यात य च्या डोक्यावर रफार यायला हवा, दुसऱ्यात य ला डावीकडून चिकटलेला अर्धा र. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. दोन्हींतून चित्र एकच यायला हवं. एचबी-शेप हे दुसरं साधन चित्र काढत नाही. फॉन्टमधली कोणती आकृती घेतली, ती कोणत्या अक्षरापासून आली आणि तिला किती रुंदी दिली, हे ओळीत मांडून दाखवतं. भाषा मराठी असं सांगून आणि न सांगता चालवून पाहिलं, तर ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तिथे पाकळीचा ल आणि देठाचा श कधी येतो, कधी येत नाही, तेही कळतं. आता समजा एखाद्या फॉन्टमध्ये 'वाऱ्यावर' बिघडलं. दोष फॉन्टचा, हार्फबझचा, की तो शब्द दाखवणाऱ्या वेबसाइटचा? तयार पॅकेज वापरणारा एवढंच म्हणू शकतो की मराठी नीट दिसत नाही. ज्याच्याकडे बिल्ड आहे तो जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी बांधतो, तोच शब्द दोन्हींना देतो, आणि बिघाड कुठे शिरला ते दाखवतो. असल्या तक्रारीला उत्तर मिळतं.

अ‍ॅडमिन : उत्तर मिळालं तरी वाचकाला काय मिळालं? तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर हार्फबझ दुरुस्त केलंत. फायरफॉक्स स्वतःच्या पोटात हार्फबझची वेगळी प्रत बाळगतो. तुमच्या दुरुस्तीचा त्याला पत्ता नाही. सातारच्या सायबर कॅफेत 'वाऱ्यावर' बिघडलेलंच राहणार. आणि एवढीच मांडणी हवी असेल तर कंटेनर कशासाठी आहेत? दहा ओळींची डॉकरफाइल लिहा, झालं. त्यावर लेख कशाला हवा?

लेखक : माझ्या लॅपटॉपवरची दुरुस्ती सातारला जात नाही, हे खरं. ती मूळ प्रकल्पात गेली तरच जाते, आणि तिथून फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळ्यांकडे आपापल्या वेळेने. मूळ प्रकल्पात जायला मात्र एक अट असते. हार्फबझमध्ये आकार जुळवण्याच्या चाचण्यांचा मोठा साठा आहे. प्रत्येक चाचणीत फॉन्टचा छोटा तुकडा, अक्षरांची ओळ आणि अपेक्षित आकृत्या. तुमच्या बदलामुळे मराठी सुधारलं आणि नेपाळी बिघडलं, तर तो बदल कुणी का घ्यावा? ते बघायला सगळ्या चाचण्या चालवाव्या लागतात, आणि चाचण्या चालवायला बांधावं लागतं. देवनागरी वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांमधून 'ही चाचणी तुमच्या साठ्यात घाला' असं म्हणू शकणारे किती, यावर आपली लिपी पडद्यावर कशी दिसणार हे बरंचसं ठरतं. वाईट हेतूने कुणी आपल्याला डावलत नाही. आपल्या बाजूने तिथे माणूस नसतो. डॉकरफाइलचं म्हणाल तर ती लिहावीच, पण तिच्यावर विसंबू नये. तिच्या सुरुवातीच्या ओळींतच पॅकेजांची यादी ताजी करा म्हणून लिहिलेलं असतं. आज ती चालवली तर आजचं मेसन येतं, दोन वर्षांनी चालवली तर तेव्हाचं. फाइल तीच, मांडणी वेगळी. डेबियनचं स्नॅपशॉट हे भांडार यासाठी उपयोगी आहे, तिथून ठरावीक तारखेची पॅकेजं जशीच्या तशी मागवता येतात. तारीख लिहिलेली नाही ती मांडणी लिहिलेली आहे असं मी धरत नाही.

अ‍ॅडमिन : हे मात्र माझ्या भाषेत बोललात. तारखेवार मिरर ठेवणं हे आमचं रोजचंच काम आहे. एका तारखेची पॅकेजं बाजूला काढून ठेवायला मला जड नाही. पण मग ती तारीख पक्की. एकदा बिल्ड झालं की गोठवा आणि हात लावू नका. दर महिन्याला कम्पायलर बदलणारी माणसं मला माहीत आहेत.

लेखक : गोठवलेली एक हवीच. पण एकटी तीच ठेवली तर ती आतून कुजते, आणि ते कळत नाही. २०२४ च्या मे महिन्यात जीसीसी १४ आलं. सी भाषेत आधी न सांगितलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी जिथे नुसती ताकीद यायची, तिथे ते आता चूक म्हणून अडवू लागलं. जुने, वर्षानुवर्षं बिनतक्रार बांधले जाणारे पुष्कळ प्रकल्प त्या दिवशी अडले. गोठवलेल्या मांडणीत ते आजही हसतखेळत बांधले जातील, आणि ज्या दिवशी वितरण पुढे जाईल त्या दिवशी एकदम वीस चुका अंगावर येतील. म्हणून दोन ठेवाव्यात. एक तारखेने बांधलेली, ताळ्यासाठी. दुसरी चालती, दर आठवड्याला ताज्या कम्पायलरने बांधून पाहणारी.

अ‍ॅडमिन : गोठवलेली माझ्याकडे द्या, तिची जबाबदारी मी घेते. चालती तुमच्याकडेच ठेवा. ती सारखी मोडणार, आणि मोडली की फोन मला येणार असेल तर माझा नकार आत्ताच लिहून घ्या. शिवाय एक अट : बिल्ड सुरू व्हायच्या आधी नेटवर्क तोडायचं. डेबियनच्या धोरणात मुख्य विभागातल्या पॅकेजांना बिल्ड चालू असताना नेटवर जायची मनाई आहे, ती उगाच नाही. आजकालची अर्धी साधनं, काही कमी पडलं की न विचारता कुठून तरी उतरवून घेतात आणि तुमच्या यादीत त्याची नोंदही नसते.

लेखक : अट मान्य. पहिल्या खेपेला बिल्ड दोन-चार ठिकाणी अडेल. जे नाव सांगून अडेल ते यादीत जाईल, आणि यादीतलं तुमच्या मिररवर. फोनचं मात्र मला पटत नाही, मॅडम. गोठवलेली तारीख कधी पुढे सरकवायची, हे चालती मांडणी मोडल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं? मोडल्याची बातमी तुमच्यापर्यंत यायलाच हवी. फोनने नको तर ईमेलने.

अ‍ॅडमिन : ईमेल चालेल. सोमवारी सकाळी वाचते मी.